उरलेला वेग

ज्ञान झाल्यानंतर ज्ञानी पुरुष जिवंत कसा राहतो, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या वादसभेतला वाटतो. परंतु भारतीय दर्शनांच्या इतिहासात ज्या थोड्या प्रश्नांनी सर्व संप्रदायांना आपापली कैफियत मांडण्यास भाग पाडले, त्यांत याची गणना करावी लागेल. अडचण अशी आहे. देह हे कर्माचे फळ, कर्म हे कामनेचे कार्य आणि कामना ही अज्ञानाची संतती, अशी कारणपरंपरा एकदा मान्य केली, म्हणजे अज्ञानाचा नाश होताच कामना, कर्म आणि देह ही सगळी मालिका मुळासकट कोसळली पाहिजे. ज्या क्षणी आत्मसाक्षात्कार झाला, त्याच क्षणी ज्ञान्याचा देह पडला पाहिजे. प्रत्यक्षात तसे होत नाही. ज्ञानी माणसाला भूक लागते, तो चालतो, बोलतो, शिष्यांच्या शंकांचे निरसन करतो, म्हातारा होतो, आजारी पडतो. तेव्हा एक तर त्याला झाले ते ज्ञानच नव्हे असे म्हणावे लागते, किंवा देहाचे मूळ अज्ञानात आहे हा सिद्धांत तरी सोडावा लागतो. या पेचातून वाट काढताना आपल्या विचारवंतांनी ज्या कल्पनेचा आश्रय केला ती वेगाची कल्पना होय. ढकलणारा हात निघून गेल्यावरही ढकललेली वस्तू काही काळ जी गती बाळगून राहते, त्या गतीत त्यांना ज्ञान्याच्या उर्वरित आयुष्याचे स्वरूप दिसले. या उरलेल्या वेगाचा अर्थ काय आणि उपयोग काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे; कारण तो अर्थ नीट समजला, तर जीवन्मुक्तांच्या, म्हणजे देह असतानाच मुक्त झालेल्यांच्या, चरित्राबरोबरच तुम्हाआम्हां सामान्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धावरही त्याचा प्रकाश पडतो, अशी माझी श्रद्धा आहे.

प्रश्नाचे बीज छांदोग्य उपनिषदात आहे. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, एका वाटसराची गोष्ट सांगतो. गांधार देशातल्या एका मनुष्याचे डोळे बांधून त्याला कोणी निर्जन प्रदेशात आणून सोडले. तो दिशा हरवून ओरडत राहिला. तेवढ्यात एका दयाळू माणसाने त्याची पट्टी सोडली आणि गांधार अमुक दिशेला आहे, तिकडे जा, असे सांगितले. मग तो शहाणा पुरुष गावोगाव विचारीत आपल्या देशी पोहोचला. ज्याला आचार्य लाभला त्याची स्थिती अशीच असते, असे सांगून उपनिषद पुढे म्हणते की, देहातून सुटका होईपर्यंतचा काय तो विलंब, त्यानंतर तो सत्स्वरूपाला पोहोचतोच. या एका ‘विलंब’ शब्दावर पुढे कित्येक शतके भाष्ये झाली. पट्टी तर सुटली. मग हा विलंब कशाचा? आणि या विलंबाच्या काळात तो पुरुष मुक्त म्हणावयाचा की बद्ध?

विलंबाचे कारण दृष्टांताने दाखविण्याचा मान सांख्यांकडे जातो. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथाचे सहाव्या शतकात परमार्थ नावाच्या भिक्षूने चिनी भाषेत भाषांतर केले, तेव्हा मूळ ग्रंथ त्यापूर्वीचा, हे उघडच आहे. त्यातील सदुसष्टाव्या कारिकेत असे प्रतिपादन आहे की, सम्यक् ज्ञानाची प्राप्ती होऊन धर्म, अधर्म इत्यादींची कारणता संपली, तरीही पूर्वसंस्कारांच्या बळावर पुरुष देह धारण करून राहतो. कुंभाराचे चाक राहते तसा. दृष्टांत एवढाच, पण तो ज्याने दिला त्याने कुंभाराच्या अंगणात बराच वेळ बसून पाहिले असले पाहिजे.

आपणही तेथे क्षणभर थांबून पाहू. जमिनीत रोवलेल्या खुंट्यावर तोललेले ते जड चाक, आणि त्याच्या कडेजवळ दांडा अडकविण्यासाठी केलेली खाच. कुंभार त्या खाचेत दांडा घालून चाकाला फेरे देतो. पहिले दोन-तीन फेरे चाक जड जाते, मग ते हलके होते आणि शेवटी इतक्या वेगाने फिरू लागते की खाच वेगळी दिसत नाही. आता कुंभार दांडा काढून बाजूला ठेवतो, हात पाण्यात बुडवितो आणि मध्यभागी ठेवलेल्या मातीच्या गोळ्यात अंगठे रोवतो. माती उघडते, तिच्या भिंती वर चढतात, गळा आवळला जातो, काठ वळविला जातो. मग दोऱ्याने बूड कापून तो ते ओले भांडे अलगद उचलून घेतो, आणि चाक रिकामेच फिरत राहते. दार्शनिकांचे लक्ष बहुधा या शेवटच्या रिकाम्या फेऱ्यांकडे लागलेले असते. परंतु ध्यानात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट या साऱ्या क्रियेत आहे. दांडा हातात असतो तोपर्यंत भांडे घडविता येत नाही, कारण हात गुंतलेले असतात. भांडे जे घडते ते चाक सुटल्यानंतर, आपल्याच वेगाने फिरत असताना. या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

सांख्यांनी ज्याला संस्कार म्हटले त्याचे शास्त्र वैशेषिकांनी रचले. कणादाच्या सूत्रांत बाणाच्या गतीची मीमांसा आहे. प्रत्यंचेच्या धक्क्याने बाणाला पहिली गती मिळते. त्या गतीतून बाणात संस्कार उत्पन्न होतो. पुढची आणि त्याहून पुढची गती या संस्कारातून होते. आणि संस्कार संपला म्हणजे गुरुत्वामुळे बाण खाली पडतो. प्रशस्तपादाने आपल्या ग्रंथात या संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत. सुटलेल्या वस्तूत असतो तो वेग. वाकविलेली फांदी सोडताच ज्याच्यामुळे पूर्वस्थितीला येते तो स्थितिस्थापक. आणि अनुभव सरून गेल्यावर आत्म्यात राहून स्मृतीला कारण होते ती भावना. बाणातला जोर आणि मनावरचा ठसा एकाच संज्ञेखाली आणणे हे आजच्या वाचकाला विलक्षण वाटेल. पण त्या विचारकांच्या दृष्टीने दोहोंचे लक्षण एकच होते. मूळ कारण निघून गेले आहे आणि तरीही त्याचे कार्य चालू आहे, हे दोहोंकडे सारखेच. ज्या शिक्षकाने पंचवीस वर्षांपूर्वी पाढे पाठ करून घेतले तो हयात नसला, तरी त्याने दिलेला धक्का आपल्या जिभेत अजून शिल्लक असतो. आणि ज्या अपमानाच्या कर्त्याला आपण केव्हाच क्षमा केलेली आहे, त्या अपमानाने मन अजून दचकते. दोन्ही वेगच. मराठीत ‘संस्कार’ हा शब्द आपण मुलांच्या वळणासाठी वापरतो, तेव्हा नकळत या जुन्या पदार्थविज्ञानाचाच वारसा चालवीत असतो.

वेदान्तात या कल्पनेला तिचे पूर्ण स्वरूप शंकराचार्यांनी दिले. कर्मांचे त्यांनी स्वीकारलेले वर्गीकरण सर्वश्रुत आहे. साठलेले ते संचित, पुढे घडणारे ते आगामी, आणि ज्याने फळ देण्यास प्रारंभ केला ते प्रारब्ध. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात निवाडा असा आहे की, ज्ञानाने आगामी कर्म चिकटत नाही आणि संचित नष्ट होते. मात्र हा नाश फक्त ज्यांचे फळ सुरू झालेले नाही अशा कर्मांचा. प्रारब्धाचा क्षय भोगानेच होतो. गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात आचार्य हा भेद धनुर्धराच्या दृष्टांताने स्पष्ट करतात. लक्ष्यावर सोडलेला बाण लक्ष्य भेदून गेल्यावरही अंगातला वेग संपेपर्यंत जातच राहतो. परंतु धनुष्याला लावलेला आणि अजून न सोडलेला बाण परत भात्यात ठेवता येतो. ज्ञानी पुरुषाचे संचित म्हणजे असा परत घेतलेला बाण, आणि त्याचा चालू देह म्हणजे सुटलेला बाण. चक्राचा दृष्टांतही ते देतात. आणि सगळा युक्तिवाद करून झाल्यावर जे म्हणतात ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ब्रह्मवेत्त्याने काही काळ देह धारण करावा की न करावा, याविषयी तंटा करण्याचे कारणच नाही. एखाद्याच्या हृदयाला ब्रह्माचा प्रत्ययही आहे आणि देहही आहे, असा ज्याचा स्वतःचा अनुभव, त्याचा अनुभव दुसऱ्याने कोणत्या आधारावर नाकारावा? तर्ककठोर भाष्यकाराने येथे तर्काची मर्यादा ओळखून साक्षीदाराला बोलू दिले आहे, आणि तो साक्षीदार कोण असेल याची कल्पना वाचकाला करता येते.

विरोधी पक्षांचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात जीवन्मुक्ती ही कल्पनाच, कोणी आपल्या आईला वांझ म्हणावे तशी, स्वतःला छेदणारी ठरविली. देह आहे तोवर बंध आहे, सुटका देहपातानंतरच. अद्वैताच्या गोटातही एकमत नाही. सर्वज्ञात्ममुनींच्या ‘संक्षेपशारीरक’ ग्रंथात ज्ञानाबरोबरच मुक्ती पूर्ण होते, तिला विलंब नाहीच, आणि जीवन्मुक्तीची वचने स्तुतिपर समजावीत, असाही पक्ष आढळतो. मंडनमिश्रांनी ‘ब्रह्मसिद्धी’त दोरीवरच्या सापाचे उदाहरण पुढे नेले आहे. साप नाही हे कळल्यावरही भ्यालेल्या माणसाचे अंग काही वेळ थरथरत राहते. भीतीचे कारण गेले, कंप उरला. हे सगळे मतभेद नजरेखालून घातल्यावर एक गोष्ट मात्र सर्वांना कबूल असल्याचे दिसते : ज्ञानानंतर उरते ते नवे काही नसते, जुन्याचाच तो शेष असतो. भांडण त्या शेषाला कोणते नाव द्यावे एवढ्यापुरते आहे.

आधुनिक पदार्थविज्ञानाशी परिचय असलेला वाचक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्धांत मांडला तो असा की, चालू गती टिकून राहण्यास कोणत्याही कारणाची गरज नसते. गती थांबण्यास मात्र कारण लागते. मग बाणात साठलेला आणि हळूहळू आटणारा संस्कार ही कणादाची कल्पना कोठे राहते? भौतिकशास्त्र म्हणून ती मागे पडली, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण दृष्टांत म्हणून तिचे बळ यामुळे कमी न होता वाढते. कुंभाराचे चाक थांबते ते खुंट्याशी आणि हवेशी होणाऱ्या घर्षणाने. आणि प्रारब्धही नुसता काळ लोटल्याने सरत नाही, जगाशी संपर्क येऊन, सुखदुःखे प्रत्यक्ष भोगूनच ते सरते, असे ब्रह्मसूत्रकारांचे म्हणणे आहे. जगाशी होणारे घर्षण चुकविणे हा वेग संपविण्याचा मार्ग असू शकत नाही. ज्ञानी माणूस जगात वावरतो, लोकांची बोलणी सोसतो, आजारपण अंगावर काढतो, ते यामुळेच.

हा सगळा विचार मराठी माणसाच्या घरी पोहोचविला तो ज्ञानेश्वरांनी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, ज्याच्या ठिकाणी अहंकाराचा भाव उरलेला नाही अशा पुरुषाविषयीच्या सतराव्या श्लोकावर भाष्य करताना, त्यांनी संस्कृत परंपरेतले चाक आणि बाण घेतलेच, पण त्यांच्यापुढे आपल्या पदरचे दृष्टांत मांडले. वारा वाहून गेला तरी झाडाचे डोलणे राहते. कापूर उडून गेला तरी करंड्यात सुगंध राहतो. गाण्याची बैठक संपली तरी रसिकाच्या मनाची भारलेली अवस्था ओसरत नाही. जमिनीवरून पाणी ओघळून गेले तरी ओल टिकते. सूर्य मावळला तरी संध्येच्या पटावर उजेड दिसत राहतो. देहाभिमान नाहीसा झाल्यावर देह असाच, आपल्या स्वभावाने, ‘अपैसा’ चालत राहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘अपैसे’ म्हणजे आपसूक, कोणी न ढकलता. ही दृष्टांतमाला वाचताना लक्षात येते की, सांख्यांच्या चाकाचे शेष फेरे आणि आचार्यांच्या बाणाची शेष धाव ही निरुपयोगी आहेत. ज्ञानदेवांचे शेष मात्र जगाच्या कामाचे आहेत. ओलीत बी रुजते, संधिप्रकाशात वाटसरू घर गाठतो, सुगंधाने दुसऱ्याचे चित्त प्रसन्न होते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने जो केवळ एक उरलेला हिशेब होता, त्याला या तरुण कवीने प्रसादाचे स्वरूप दिले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी त्यांनी आळंदीला समाधी घेतली, हे आठवले म्हणजे या ओव्या कोणाच्या अनुभवातून उमटल्या असतील, याविषयी संदेह राहत नाही.

पण मुक्त पुरुषाच्या बाबतीत सुटते काय? वेग तर चालूच आहे. भूक, तहान, चालणे, बोलणे यांत बाहेरून कोणताही पालट दिसत नाही. याचे उत्तर देताना आजच्या काळातले एक यंत्र मला उपयोगी पडते. सायकलीच्या मागच्या चाकाला जी फ्रीव्हील असते, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली. त्यापूर्वीच्या सायकलींत चाक आणि पायडल एकमेकांना जखडलेले असत, त्यामुळे उतारावर चाक धावू लागले म्हणजे स्वाराचे पायही त्याच्याबरोबर गरगर फिरत, त्याची इच्छा असो वा नसो. फ्रीव्हीलने केले ते एवढेच की, पायांकडून चाकाकडे जोर जाऊ दिला, पण चाकाकडून पायांकडे गती परत येण्याची वाट बंद केली. चाक धावत राहिले आणि पाय स्थिर झाले. बद्ध आणि मुक्त यांतला भेद मला याच जातीचा वाटतो. दोघांचाही देह पूर्वकर्माच्या उतारावर धावतो आहे, पण बद्धाच्या बाबतीत देहाची प्रत्येक घटना ‘मी’पर्यंत पोहोचून त्याला आपल्याबरोबर फिरविते, स्तुतीने त्याला वर नेते, निंदेने खाली आपटते आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर नवा जोर लावण्यास भाग पाडते, मुक्ताच्या बाबतीत घटना घडते, वेदनाही होते, पण तिची गती अभिमानाला येऊन भिडत नाही. सुटका वेगापासून झालेली नसते. वेगाने फरफटत जाण्यापासून झालेली असते.

येथेच एका मोठ्या गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. चाक सुटले, आता ते कसेही फिरो. आपण काही करीत नाही, प्रारब्ध करविते. असे म्हणून स्वैर वागण्याची मुभा घेणारे लोक प्रत्येक शतकात झाले आहेत, आणि त्यांपैकी काहींना अनुयायीही मिळाले आहेत. शास्त्रकारांनी या वृत्तीला ‘यथेष्टाचरण’ असे नाव देऊन तिचा स्पष्ट निषेध केला आहे. सुरेश्वराचार्यांनी ‘नैष्कर्म्यसिद्धी’त विचारलेला प्रश्न कठोर आहे : अद्वैत जाणणारा जर वाटेल तसे वागू लागला, तर अमंगळ खाण्याच्या बाबतीत तत्त्वज्ञानी आणि कुत्रा यांत भेद काय राहिला? यामागचा युक्तिवाद वेगाच्या कल्पनेतूनच निघतो. सुटलेले चाक स्वैर नसतेच. ज्या दिशेला त्याला फिरविले, त्याच दिशेला ते फिरते. ज्याने ज्ञानापूर्वी वर्षानुवर्षे शम, दम, तितिक्षा यांचा अभ्यास केला, त्याच्या अंगात उरलेला वेग त्याच अभ्यासाचा असणार. तो सुटल्यावर उलटा फिरेल ही गोष्टच असंभवनीय आहे. तेव्हा ज्याचे सुटलेले चाक अधर्माकडे धावते, त्याने एक तर ते अधर्माकडेच फिरविलेले होते, किंवा दांडा अजून त्याच्या हातात आहे आणि तो लपवून जोर लावतो आहे.

परंपरेच्या प्रामाणिकपणाचा दाखला असा की, तिने थोरांनाही या कसोटीतून सूट दिली नाही. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांनी ‘जीवन्मुक्तिविवेक’ या ग्रंथात साक्षात् याज्ञवल्क्याचे उदाहरण घेतले आहे. जनकाच्या सभेत वादापूर्वीच हजार गाई हाकून नेण्याची आज्ञा करणारा, प्रतिपक्षाला निरुत्तर करीत जाणारा आणि ज्याच्या शापवाणीने शाकल्याचे मस्तक गळून पडले असा तो महर्षी ज्ञानी होता यात वाद नाही. तरीही त्याच्या ठिकाणी विद्येचा मद शिल्लक होता, चित्ताला विश्रांती नव्हती, आणि त्यासाठीच त्याने पुढे संन्यास घेतला, असे विद्यारण्य निःसंकोचपणे लिहितात. तत्त्वज्ञानाबरोबर वासनाक्षय आणि मनोनाश यांचाही अभ्यास त्यांनी आवश्यक मानला तो यामुळेच. समज येणे एका क्षणाचे काम असेल. वळण मोडणे क्षणाचे काम नव्हे. आपल्या रोजच्या अनुभवाला हे किती जुळणारे आहे! क्रोध वाईट हे आपणांस पूर्ण पटलेले असते, आणि तरीही दारावरची कडी कोणी जोराने आपटली की जुना क्रोध आपल्या आधी उठून उभा राहतो.

आता उपयोगाकडे वळू. ज्ञान होताच देह पडला असता तर काय झाले असते? विचार केला तर असे दिसते की, जगात एकही आचार्य उरला नसता. ज्याला कळले तो तत्क्षणी नाहीसा, आणि जो बोलावयास शिल्लक तो न कळलेला. अशा स्थितीत गांधाराच्या वाटसराची पट्टी सोडावयाची कोणी? उपनिषदाने आचार्याचा लाभ आणि देहपातापर्यंतचा विलंब या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, एकापाठोपाठ सांगितल्या आहेत; मला त्या एकमेकींच्या कारण वाटतात. ज्ञान्याच्या मुक्तीला होणारा विलंब हीच अज्ञान्याची संधी आहे. उपनिषदे, भाष्ये, ज्ञानेश्वरी, गाथा हे सगळे वाङ्मय या विलंबात निर्माण झालेले आहे. उरलेल्या वेगावर घडलेली ही भांडी आहेत. कुंभाराचे हात दांड्यातून मोकळे झाल्यावरच मातीला आकार येतो, या गोष्टीचे मर्म येथे कळते. स्वतःला काही मिळवावयाचे आहे तोपर्यंत माणसाचे दोन्ही हात त्या मिळकतीच्या दांड्यात अडकलेले असतात. मिळविणे संपले म्हणजेच ते हात दुसऱ्याच्या मातीला लागतात. तुकोबांनी आपले मागे राहणे केवळ परोपकारापुरते आहे असे सांगितले, त्यात हीच जाणीव आहे.

लोकमान्य टिळकांनी १९१०–११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त संन्यासमार्गीयांशी केलेला वाद या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ज्ञानोत्तर कर्म गळून पडते असे एक पक्ष म्हणतो. ज्ञानोत्तरही लोकसंग्रहासाठी कर्म केलेच पाहिजे असे लोकमान्य म्हणतात. उरलेला वेग नुसता संपू द्यावयाचा की कामी लावावयाचा, असे या वादाचे स्वरूप आहे. माझा कल लोकमान्यांकडे आहे, पण त्याचे कारण थोडे निराळे आहे. ज्ञान्यावर कर्माची सक्ती करण्याची मला गरज वाटत नाही. ज्याने आयुष्यभर लोकांच्या दुःखाकडे पाहून साधना केली, त्याचा वेग लोकांकडेच वाहणार, आणि ज्याने केवळ स्वतःच्या सुटकेकडे पाहून केली, त्याला आज्ञा देऊनही तो त्या दिशेला वळणार नाही. कर्तव्याचा हुकूम ज्ञानानंतर देण्यात अर्थ नाही. तो ज्ञानापूर्वी, दांडा हातात असताना, द्यावयाचा असतो.

जीवन्मुक्त विरळा, हे खरे. परंतु वेगावर चालण्याची वेळ आपणां सर्वांवर लहानमोठ्या प्रमाणात येते. चाळीस वर्षे कचेरीत खर्ची घातलेला कारकून एके दिवशी दप्तर दुसऱ्याच्या हवाली करून घरी येतो. मुले आपापल्या मुलखाला जातात आणि आईच्या हाताला काम उरत नाही. ज्या चळवळीसाठी तारुण्य दिले ती यशस्वी होऊन किंवा फसून थांबते. ढकलणारे कारण सुटलेले असते आणि आयुष्य चालू असते. अशा वेळी कित्येकांचे चाक विनाकारण कुरकुरत फिरताना आपण पाहतो : अधिकार गेलेला असतो पण हुकूम सोडण्याची सवय जात नाही, स्पर्धा संपलेली असते पण मत्सर थांबत नाही. आणि कित्येकांच्या बाबतीत याच्या उलट दिसते. ज्यांनी कामात असताना माणसांकडे पाहिले, त्यांच्याकडे निवृत्तीनंतरही माणसे येत राहतात, आणि त्यांच्या बोलण्याने चार जणांची अडलेली वाट मोकळी होते. दोघांनाही त्या वयात नवा वेग मिळविणे कठीण असते. दोघेही मागचेच खर्च करीत असतात.

म्हणून जीवन्मुक्तीची चर्चा ही मुक्तांसाठी नाही, ती ज्यांच्या हातात अद्यापि दांडा आहे त्यांच्यासाठी आहे, असा माझा निष्कर्ष आहे. आपण मुक्त आहोत की नाही हे ठरविण्याची घाई कोणी करू नये. प्रारब्धाच्या नावावर आपले दोष खपविण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ज्याला उद्या निश्चिंतपणे, कोणालाही न दुखविता, आपसूक चालावयाचे आहे, त्याने आज आपण जोर कोणत्या दिशेला लावतो आहोत हे रोज एकदा तपासावे. तेवढी तपासणी प्रत्येकाच्या अधिकारातली आहे, आणि ती करण्यास उशीर झाला असे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही.